एका चादरीला एक वाक्य

मावशीशी वाद घालायचाच असेल तर रांगेवरून घालू नये, हे त्या लाँड्रीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. बाकी काय वाटेल ते बोला. तिच्या हातच्या जेवणाला नावं ठेवा, तिच्या चालण्याची नक्कल करा, ती स्वतःच पोट धरून हसेल. पण चहाच्या मशिनपुढे कोणी हळूच मधे शिरला की संपलं. "ए शहाण्या, मागे हो! आम्ही काय इथे हवा खायला उभ्या आहोत?" हा आवाज आला की सुपरवायझरसुद्धा आपला कप घेऊन मुकाट्यानं शेवटी जाऊन उभा राहायचा. त्यावरूनच तिचं नाव पडलं रांगवाली मावशी. तिला ते नाव आवडायचं, खोटं कशाला बोला.

लाँड्री होती परक्या देशातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात. वर माणसं आजारी पडायची, बरी व्हायची, मरायची. खाली यायच्या त्या फक्त त्यांच्या चादरी. कापडी गाड्यांतून ढीगच्या ढीग यायचे. ते निवडायचे, धुवायचे, पिळायचे आणि तापलेल्या रोलरमधून काढायचे. रोलरच्या तोंडाशी दोन बायका उभ्या असायच्या घडीला. घडी एकटीनं होत नाही. चादर एवढी मोठी की एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, मागे सरकून एक झटका द्यायचा, लांबीला दुमडायची, आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. समोर आलं की एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि खाली लोंबणारी दुमड उचलायची. की झाली घडी. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दिवसभर.

रोलरचा आवाज असा की शेजारी कोणी बोंबललं तरी ऐकू येऊ नये. तोंडाशी तोंड आलं की तेवढ्यापुरतं बोलता यायचं. म्हणजे एका चादरीला एक वाक्य. पहिलीनं विचारलं, "काय गं, झोप नाही का झाली?" की उत्तर पुढच्या चादरीला. मधे चादर झटकताना विचार करायला वेळ मिळायचा, त्यामुळे तिथल्या बायका फटकन काही बोलत नसत. भांडणसुद्धा सावकाश व्हायचं.

मावशीच्या समोरचं टोक धरणारी होती सुतळी. हे अर्थात मावशीनंच ठेवलेलं नाव. अंगानं एवढीशी की चादर झटकली तर चादरीबरोबर तीच उडून जाईल असं वाटावं, पण धरलेलं टोक कधी सुटायचं नाही तिच्या हातून. ती आली त्याच आठवड्यात मावशीनं विचारलं होतं, "तुझा नंबर किती वर्षांनी लागला?"

पुढच्या चादरीला सुतळी म्हणाली, "कसला नंबर?"

त्याच्या पुढच्या चादरीला मावशी म्हणाली, "कसला म्हणजे? इथे यायचा."

सुतळीनं दोन चादरी तशाच जाऊ दिल्या. मग जवळ येऊन म्हणाली, "मी फिरायला म्हणून आले होते मावशी. परत गेले नाही."

मावशीनं तिच्या हातातले कोपरे घेतले आणि अख्खी गाडी संपवली. शेवटच्या चादरीला म्हणाली, "चुकलंच तुझं."

"हो," सुतळी म्हणाली.

आता या "हो"वर काय बोलणार? मावशी भांडायला कंबर कसून उभी, आणि समोरची हो म्हणून मोकळी. तिथून दोघींचं जे जमलं ते जमलंच. डबा एकत्र, बस एकत्र, थंडीतले हातमोजेसुद्धा एकीचे दुसरीला. लाँड्री चालवणाऱ्या कंत्राटदाराला सुतळीबद्दल सगळं ठाऊक होतं. पण कमी पगारात निमूट राबणारं माणूस कोणाला नको असतं? तो कानाडोळा करायचा. मावशी कानाडोळा करायची नाही. ती महिन्यातून एकदा तरी सुनवायचीच, "तू मधे शिरलीस, हे मी विसरले नाही हं." सुतळी म्हणायची, "विसरू नका. पण कोपरा नीट धरा."

मावशीला रांगेचं एवढं काय होतं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई खडूस होती.

तिचा नवरा आधी एकटा इकडे आला. बायकोला बोलवायचा अर्ज त्यानं आल्याआल्याच टाकला. मग रांग. तिकडे मुलाला दात आले, दात पडले, नवे आले, तरी रांग. शेजारणी म्हणायच्या, अगं वेडे, फिरायला म्हणून जा आणि राहा तिकडेच, सगळे तेच करतात. ही कानांवर हात ठेवायची. शेवटी बोलावणं आलं, मुलाचा हात धरून ती इथे उतरली, तर न्यायला आलेला नवरा काठी टेकत आला. फुफ्फुसं केव्हाचीच गेली होती. फोनवर त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. पुढची थंडी त्यानं पाहिली नाही. म्हणजे संसाराची उमेदीची वर्षं रांगेनं खाल्ली आणि उरलेसुरले दिवस दुखण्यानं. आता अशा बाईला कोणी सांगितलं की बाई, तुझ्या थांबण्याला काडीचाही अर्थ नव्हता, तू उगाच थांबलीस, तर ती ते ऐकून घेईल? ती बोलणाऱ्याचं डोकं फोडेल, नाहीतर आपलं.

आणि रांग अजून संपली नव्हती. मावशीची धाकटी बहीण त्या रांगेत उभी होती. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती, मावशीनंच तिला न्हाऊमाखू घालून वाढवली. पुढे धाकटीचा नवरा सोडून गेला, ती भावाकडे राहायला आली आणि भावजयीच्या डोळ्यांत सलायला लागली. मावशीनं इथलं नागरिकत्व मिळताच बहिणीसाठी अर्ज घातला. भावंडांची रांग सगळ्यांत लांब. धाकटीचे केस पांढरे झाले त्या रांगेत. पण अलीकडे नंबर दिसायला लागला होता, वर्षा-दोन वर्षांत लागेल असं मावशीचा मुलगा म्हणायचा. तो शहरात बस चालवायचा आणि स्थलांतर कार्यालयाचे आकडे त्याला मोबाईलवर दिसायचे. ते ऐकलं आणि धाकटीनं तिकडे आवराआवर सुरू केली. शिलाई मशीन विकून टाकलं. भावाच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आपली खोली नव्या सुनेला देऊन टाकली. "मी तर जाणारच आहे," म्हणाली, आणि ओट्याशेजारी अंथरूण टाकून झोपायला लागली.

दर रविवारी दुपारी दोघी बहिणींचा फोन व्हायचा. फोन ठेवण्याआधी धाकटी म्हणायची, "ताई, या आठवड्याचं वाक्य दे." म्हणजे इथल्या भाषेतलं. मावशी द्यायची. "मला समजलं नाही, पुन्हा सांगा." "ही बस बाजारात जाते का?" धाकटी भाजी निवडताना ते घोकत बसायची आणि भावजय कपाळाला हात लावायची.

मावशीनं आपल्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक खाटही आणून ठेवली होती. जुन्या बाजारातून घेतलेली, लोखंडी, जड. ती तीन जिने चढवली मावशीनं आणि सुतळीनं. एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे, आणि मधे दर वळणावर हसून हसून दोघींच्या पोटात दुखतंय. वर आल्यावर सुतळी त्या खाटेवर आडवी झाली. "धाकटी आली की मला ओळखणार नाही तुम्ही," म्हणाली.

"ऊठ आधी. तिची आहे ती."

"माहितीये. गरम करून देतेय."

तर असं सगळं चाललेलं असताना बाहेरून आलेल्यांबद्दलचा तो नवा कायदा निघाला. निघाला म्हणजे निघायचा होता. चर्चा मात्र अशी पेटली की विचारू नका. कँटीनमधल्या टीव्हीवर रोज चार माणसं चार चौकटींत बसून एकमेकांच्या अंगावर धावून जायची. एक बाजू म्हणे, सीमा मोकळ्या करा, माणसानं कुठेही जाऊन कष्ट करून खावं, माल आणि पैसा हिंडतो तर माणसानं काय पाप केलंय? दुसरी म्हणे, हे घर आहे, धर्मशाळा नाही, आधी बाहेर काढा आणि मग बोला. तळघरात चादरी धुणाऱ्या बाईला यातलं कोणी काही विचारत नव्हतं. चौकटीतल्या एकानेही आयुष्यात कधी तिष्ठत उभं राहून पाहिलं नसावं, हे त्यांच्या कपड्यांवरूनच कळायचं.

रुग्णालयाच्या फाटकाशी एक पोरगी पत्रकं वाटायची. गोड होती बिचारी. मावशीला म्हणाली, "आजी, आम्हाला सगळ्यांसाठी दारं उघडी हवीत. कोणालाच थांबायला लागू नये."

"मग मी थांबले ती काय वेडी होते?" मावशी अशी कडाडली की पोरीच्या हातातली पत्रकं खाली पडली. नंतर ती मावशीनंच उचलून दिली, पण पुटपुटत.

त्या दिवशी घडीला सुतळीनंच विषय काढला. "सगळं उघडं नको म्हणता, ठीक आहे. मग काय हवं तुम्हाला?"

पुढच्या चादरीला मावशी म्हणाली, "दारातून या म्हणते मी. रांग लावून."

सुतळी झटका देऊन मागे गेली, पुढे आली. "कुठलं दार, मावशी?"

"सगळ्यांना आहे तेच."

"माझा इथे भाऊ नाही, नवरा नाही, शिक्षण नाही. माझ्यासारखीला रांगच नाही."

मावशीनं कोपरे घेतले. "असं कसं? असेलच कुठेतरी."

"दाखवा," सुतळी म्हणाली. "उद्या परत जाते आणि शेवटी उभी राहते. मेले तरी बेहत्तर. पण दाखवा."

मावशीला ते पटलं नाही. इथेच तिची चूक झाली, आणि तिच्यासारख्याच माणसांची होते ही चूक. ज्यानं अख्खा जन्म एकाच रांगेत काढलाय, त्याला वाटतं जगात रांग एकच आहे. चहाच्या मशिनसारखी. पुढे कोणी घुसलं की आपण एक पाऊल मागे. मावशीच्या मनात पक्कं बसलं होतं की सुतळीसारख्या जेवढ्या आत शिरल्या तेवढी धाकटी मागे ढकलली गेली. सुतळीवर तिची माया होती, अगदी खरी माया. पण रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यांसमोर यायची ती ओट्याशेजारी झोपलेली बहीण.

नेमका त्याच सुमारास टायवाला आला. कायद्याच्या बाजूच्या पुढाऱ्याचा माणूस. कायदा मंजूर होण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायची जाहीर सुनावणी होती, आणि त्यांना हवी होती बाहेरून येऊन नियमानं राहिलेली एक साधी, कष्टकरी बाई. सुपरवायझरनं मावशीकडे बोट दाखवलं. टायवाला वागायला फार चांगला. कँटीनमध्ये समोर बसला, मावशीनं दिलेला चहा पूर्ण प्यायला, नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत तिचं एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. "तुमच्यासारख्या माणसांमुळेच हा देश उभा आहे," म्हणाला. चढवली हो तिला हरभऱ्याच्या झाडावर.

"माझ्या बहिणीचं पण बोलू का?" मावशीनं विचारलं.

"बोला की. रांगेचा प्रश्नच तर सोडवतोय आम्ही."

मुलानं घरी विचारलं, "आई, त्या कायद्यात आत काय काय आहे, बघितलंस का?"

"बघायचं काय त्यात? न्यायाची गोष्ट आहे. तू बघितलंस?"

मुलानंही बघितलं नव्हतं. त्याला पाळीला उशीर होत होता.

सुनावणीला मावशी गेली. मोठं दालन, चकचकीत फरशी, समोर उंचावर बसलेली मंडळी. बोलायला लागली आणि जीभ सुटली. मी थांबले, म्हणाली. माझ्या पोराचं बालपण त्याच्या बापानं पाहिलं नाही, कारण आम्ही थांबलो. माझी बहीण अजून थांबलीये. तिच्यावर दया करा, तिला लवकर आत घ्या. पण जे मधे घुसले त्यांना आधी बाहेर काढा, नाहीतर रांगेत उभं राहणाऱ्याची किंमत काय राहिली? बोलता बोलता ती रडली. दालनात टाळ्या वाजल्या. उतरताना टायवाल्यानं तिचा हात धरला, पायरी दाखवली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळे डबे उघडून बसलेले, आणि टीव्हीवर मावशी! कोणीतरी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, "अरे गप्प, ऐकू द्या." टीव्हीवरची निळ्या सदऱ्यातली मावशी जीव तोडून ओरडत होती, "जे मधे घुसले त्यांना आधी बाहेर काढा!" बस, एवढंच. नवरा नाही, पोरगा नाही, धाकटी नाही. एवढंच वाक्य, आणि मग टाळ्या. पुन्हा तेच वाक्य. त्या चौकटींतल्या चौघांनी त्यावर भांडण सुरू केलं, आणि मधे मधे पुन्हा तेच.

कँटीनमध्ये बसलेल्यांतल्या निम्म्यांनी आपापल्या डब्यात मान घातली. मावशीचा घास तोंडात तसाच राहिला. "मी एवढंच नव्हते बोलले," ती म्हणाली. "पुढे मागे खूप होतं." सुतळीनं डब्याचं झाकण लावलं आणि ती उठून खाली गेली.

मावशी खाली आली तेव्हा रोलर चालू होता आणि सुतळी आपलं टोक धरून उभी होती. झटका, दुमड, पुढे. तोंडाशी तोंड आलं. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. अख्खी दुपार त्या दोघी एकमेकींकडे चालत आल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे न बघता मागे गेल्या. गाड्यांवर गाड्या रिकाम्या झाल्या. शेवटच्या चादरीला सुतळी म्हणाली, "निळा सदरा शोभतो तुम्हाला."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता.

पुढच्या चादरीला सगळं सांगायचं, माफी मागायची, असं मावशीनं ठरवलं. पण ती शेवटची चादर होती. पाळी संपली.

कायदा मंजूर झाला. टीव्हीवर फटाक्यांसारख्या टाळ्या, बाहेर चौकात निषेध, दोन्हीकडे घसे बसेपर्यंत घोषणा. लाँड्रीत मात्र आवाज बसला. रोज कोणी ना कोणी यायचं बंद झालं. मावशीनं सुतळीला एका चादरीला म्हटलं, "माझ्याकडे ये राहायला. खाट आहे." सुतळीनं मान हलवली. तिच्या पुढच्या चादरीला म्हणाली, "ती धाकटीची आहे. आणि तुमचं घर पहिलं बघतील, तुम्ही आता टीव्हीवरच्या."

मग एके दिवशी सकाळी ते आले. दोन पुरुष, एक बाई. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, बोलणं अगदी सभ्य. सुपरवायझर त्यांच्या मागे मागे, रंग उडालेला. त्यानं रोलरच्या दिशेनं नुसती मान केली. रोलर कोणी बंद केला नव्हता. सुतळीच्या हातात चादरीचं एक टोक, मावशीच्या हातात दुसरं. सुतळीनं त्यांना येताना पाहिलं. पळायला पलीकडे दार होतं, माल उतरवायचं. मावशीनं डोळ्यांनी त्या दाराकडे खूण केली, चक्क रांगवाल्या मावशीनं! सुतळीनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. चादरीला झटका दिला, लांबीला दुमडली, आणि रोजच्यासारखी एकेक पाऊल टाकत मावशीकडे आली. आपले कोपरे तिच्या हातात दिले. बोटं गरम होती, चादरीमुळे.

"डबा वर तसाच आहे," ती म्हणाली. "खाऊन टाका, वाया जाईल."

आणि ती त्यांच्याबरोबर गेली. खाली लोंबणारी दुमड उचलायला समोर कोणी नव्हतं. मावशी चारही कोपरे धरून तशीच उभी राहिली. रोलरमधून पुढची चादर आली, तिच्या मागची आली, सगळ्या जमिनीवर पडत राहिल्या. शेवटी कोणीतरी मशीन बंद केलं.

दुपारी मावशीनं सुतळीचा डबा उघडला. खाली बसून, भिंतीकडे तोंड करून तिनं ते जेवण जेवलं. एक कणही टाकला नाही. रडत रडत, नाक ओढत, सगळं संपवलं, डबा घासला, पुसला आणि पिशवीत टाकला. सुतळीला कुठे ठेवलंय याची मुलानं चौकशी केली. तोवर विमानात बसवून झालं होतं.

यातही मावशी स्वतःला समजावत होती, बरं का. माणूस काय करेल? म्हणायची, निदान धाकटी येईल. माझ्या जिवाला लागलं ते लागलं, पण रांग आता मोकळी झाली. एवढ्या सगळ्याचं काहीतरी तर होईल.

काय व्हायचं ते झालंच. मुलगा पाळीवरून घरी आला तो टोपी न काढताच खाटेवर बसला, धाकटीच्या खाटेवर. त्या खाटेवर कोणी बसलेलं मावशीला खपायचं नाही. ती ओरडायला निघाली, पण त्याचा चेहरा बघून जवळ आली.

"आई, कार्यालयाचं उत्तर आलंय. भावंडांना बोलवायची सोय काढून टाकली. त्याच कायद्यात होतं ते, मागे कुठेतरी. जुने अर्जही गेले."

"गेले म्हणजे? मागे ढकलले?"

"रद्द झाले."

"मग नवा टाकू. पुन्हा शेवटून उभं राहू. थोडी वर्षं जातील, जाऊ देत."

"आई," मुलगा म्हणाला, "आता रांगच नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी टायवाल्याच्या कार्यालयात जाऊन बसली. बाहेर पुष्कळ माणसं होती. ती आपल्या नंबरची वाट बघत बसली, हे वेगळं सांगायला नको. टायवाल्यानं ओळखलं, उठून खुर्ची दिली. तिनं सगळं सांगितलं. त्यानं तेवढंच शांतपणे ऐकून घेतलं.

"पण बाई," तो म्हणाला, "रांग फार लांब आहे, माणसं थांबून थांबून म्हातारी होतात, हीच तर तुमची तक्रार होती. आता त्या वर्गात कोणालाच थांबायला लागणार नाही."

मावशीला वाटलं हा थट्टा करतोय. तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. नव्हता करत. त्याला खरोखरच वाटत होतं की प्रश्न सुटला. ओरडावं, टेबल उलथं करावं, असं तिच्या मनात आलं. चहाच्या मशिनपुढे कोणी शिरलं की फाटक हलेल असा आवाज लावणारी बाई ती. पण ओरडायचं कोणावर? मधे कोणी घुसलंच नव्हतं. ती उठली. दाराशी आल्यावर पुढच्या माणसाला म्हणाली, "जा तुम्ही," आणि बाहेर पडली.

लाँड्रीत तिच्यासमोर नवी बाई आली. धडधाकट होती, पण दर तिसऱ्या चादरीला टोक सुटायचं तिच्या हातून. बोलायचा प्रयत्न करायची. मावशी कोपरे घ्यायची आणि मागे जायची. चहाच्या मशिनपुढे पोरं आता बिनदिक्कत मधे शिरायची. मावशी रिकामा कप घेऊन नुसती उभी असायची. मग त्यांनाच कसंतरी व्हायचं आणि पोरं आपणहून मागे व्हायची.

रविवार आला. उत्तर इथे आलं होतं, मावशीच्या नावानं. तिकडे कोणालाच काही कळलं नव्हतं. मुलानं बजावलं होतं, "आज सांगून टाक आई, धाकट्या मावशीला उगाच आशेवर ठेवू नकोस." मावशीनं मान डोलावली. फोन घेऊन ती खिडकीशी, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

धाकटी खुशीत होती. नवी सून चांगली आहे, म्हणाली, कधी कधी चहा देते. ओट्याशेजारी गार लागतं, पण किती दिवस राहिलेत आता? ताईचं टीव्हीवरचं बोलणं मोबाईलवर बघितल्याचं तिनं घरभर सांगितलं होतं. भाषा कळली नाही, पण टाळ्या कळल्या. "काय गं बोलत होतीस एवढी? माझ्याबद्दल बोललीस ना?"

"हो," मावशी म्हणाली. "तुझ्याबद्दलच."

"मला वाटलंच. बरं, वाक्य दे या आठवड्याचं."

मावशीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. धाकटी म्हणाली, "थांब, मीच सांगते काय हवंय. कोणाच्या दाराशी गेलं तर काय म्हणायचं तिकडे?"

मावशीनं सांगितलं. "आत येऊ का?" त्या भाषेत अगदी छोटंसं वाक्य होतं. धाकटी म्हणून बघायला लागली. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. आत येऊ का? आत येऊ का? मग बरोबर जमलं तशी लहान पोरीसारखी हसली. मागून भावजय काहीतरी करवादली. धाकटीनं आवाज खाली आणला.

"ताई, सरळ सांग. हलतेय का गं रांग?"

खिडकीबाहेर बस थांबली, माणसं चढली, बस गेली. मावशीनं खाटेचा थंड पाय हातात घट्ट धरला होता. आयुष्यात कधी ती खोटं बोलून पुढे गेली नव्हती.

"हलतेय," ती म्हणाली. "पण हळू. तुला थांबावं लागेल गं."

"थांबते की," धाकटी म्हणाली. "एवढी थांबले, त्यात काय. तू आहेस ना तिथे पुढे, माझी जागा धरून?"

"आहे," मावशी म्हणाली.